बँड एकत्र आला, आणि माझा डेटासुद्धा

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ऍक्च्युली' निम्मे काढलेत, उरलेले राहू दिलेत.)

पनवेलहून बोलतोय. खिडकी लावून घेतलीये, तरी मागे हायवेचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की तू फुटबॉलवर बोल, नाहीतर रॉकवर बोल, ते प्रायव्हसीचं लेक्चर कशाला. आज तिन्ही एकत्र करतोय, कारण माझ्या बाबतीत ते एकाच रात्री एकत्र आले. तारीख १७ मे २०२५, शनिवार. महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा बँड मुंबईत पहिल्यांदा आला डिसेंबर २०१२ मध्ये. माझं दहावीचं वर्ष. बाबा म्हणाले, "बोर्डाची परीक्षा झाली की काय ते नाच." मी आठवडाभर जेवताना तोंड पाडून बसलो. आता मागे वळून बघता फार काही गमावलं नाही, कारण तेव्हा स्टेजवर मूळ पाचांपैकी एकटा ऍक्सल रोझ होता. स्लॅश १९९६ मध्येच बाहेर पडलेला. नाव तेच, गाणी तीच, पण माझ्या लेखी तो ऍक्सलचा बँड. २०१६ मध्ये स्लॅश आणि डफ मॅकॅगन परत आले, आणि २०२५ ला मुंबईत उतरले ते तिघे मिळून. पाचातले तीन. पास झालो म्हणा.

रीयुनियनबद्दल माझं मत सरळ आहे, आणि ते फुटबॉलमधून आलंय. मी मँचेस्टर युनायटेडचा फॅन. (हसू नका.) २०२१ मध्ये रोनाल्डो परत आला तेव्हा मी रात्री दोन वाजता ओरडून आईला उठवलं होतं. त्या सीझनला त्याने सगळ्या स्पर्धा मिळून २४ गोल केले आणि टीम लीगमध्ये सहावी आली. पुढच्या नोव्हेंबरात तो गेलासुद्धा. माणूस परत आला म्हणून ती टीम परत येत नाही, भोवतीचे दहा जणही लागतात. बँडचंही तसंच. लिंकिन पार्कने २०२४ मध्ये नवी गायिका घेऊन सुरुवात केली. चेस्टर बेनिंग्टन २०१७ ला गेला, त्याच्या जागी कुणी येऊ शकत नाही, पण बाकीच्यांचं एकमेकांशी जमतंय हे ऐकू येतं. ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीग फायनलच्या आधी ते वाजवत होते तेव्हा मी मॅचपेक्षा तेच जास्त लक्ष देऊन बघितलं. मॅच तशीही ५-० झाली.

आणि आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, जे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत नसेल. मुंबईचा रॉक मशीन, १९८४ चा बँड. महेश तिनईकर गिटारवर, उदय बेनेगल गायला. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, १९९७ मध्ये मोडले, २०१० मध्ये परत जमले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम काढला. जुनी गाणी वाजवून घरी जाणं सोपं होतं, त्यांनी नवीन लिहिलं. माझ्यासाठी खरी रीयुनियन ती.

माझा मामा धोबीतलावच्या रंगभवनला जायचा, नव्वदच्या दशकात, इंडिपेंडन्स रॉकला. त्याच्या कपाटात एक जुनं तिकीट आहे. कागद पिवळा पडलाय, कोपरा फाटलाय. त्यावर कार्यक्रमाचं नाव आहे, तारीख आहे, मामाचं नाव नाही. नंबर नाही, ईमेल नाही. मामा त्या संध्याकाळी तिथे होता हे फक्त मामाला आणि त्याच्या दोन मित्रांना माहीत. आजीला तर अजून माहीत नाही.

माझं तिकीट फोनमध्ये होतं. त्यात माझं पूर्ण नाव, मोबाईल नंबर, ईमेल, पैसे कुठून भरले ते. आणि मी काय केलं? कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्याचा स्क्रीनशॉट इन्स्टाला टाकला. क्यूआर कोडवर एक कवटीचा स्टिकर चिकटवला, म्हणजे मी काळजी घेतली असं मला वाटलं. शेवटी मी इंजिनियर ना.

तर १७ मे. पनवेल ते कुर्ला, कुर्ला ते दादर, दादर ते महालक्ष्मी, तीन गाड्या. आत हजारो लोक आणि नेटवर्क मेलेलं. साडेनऊच्या सुमारास घरी बाबांच्या फोनवर कॉल आला. "काका, तुमच्या मुलाला महालक्ष्मीला गर्दीत चेंगरून लागलंय. आम्ही त्याला हॉस्पिटलात आणलंय. डिपॉझिटचे चाळीस हजार लगेच पाठवा, त्याशिवाय घेत नाहीयेत."

बाबांनी मला सात वेळा फोन लावला. लागला नाही. बाबा एसटीतून रिटायर झालेत. आयुष्यभर डेपोत ब्रेकडाऊनचे फोन घेतले, घाबरणारा माणूस नाही. पण आई सांगते, तेव्हा त्यांना चष्मा सापडत नव्हता आणि तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

वाचलो कसे? बाबा यूपीआयवरून भाजी घेतात, चाळीस हजार पाठवायचा धीर त्यांना होईना. म्हणून शेजारच्या ताईकडे गेले, तू पाठव म्हणून. ताईने पैसे पाठवायच्या आधी माझं इन्स्टा उघडलं. तेवढ्यात माझी अर्धा तास अडकलेली स्टोरी एकदाची अपलोड झाली होती. त्यात मी, घामाघूम, जीभ बाहेर. ताई म्हणाली, "काका, हा बघा, हा नाचतोय."

म्हणजे ज्या सवयीने गोत्यात आणलं तिनेच त्या रात्री सोडवलं. पण ती योगायोगाची गोष्ट. अपलोड आणखी दहा मिनिटं अडकला असता तर चाळीस हजार गेले होते.

मला पहिल्यांदा वाटलं, तिकीट विकणाऱ्यांकडून डेटा फुटला. तसं घडतंही. मे २०२४ मध्ये तिकीटमास्टरच्या बाबतीत हॅकर्सनी ५६ कोटी ग्राहकांचा डेटा हाती असल्याचा दावा केला होता, आणि त्यांच्या मूळ कंपनीने क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये घुसखोरी झाल्याचं कबूलही केलं. पण माझ्या केसमध्ये एक गोष्ट बसत नव्हती. त्या माणसाकडे बाबांचा नंबर कुठून आला? तिकिटात तो नव्हताच.

आठवड्याने बाबा चहा पिताना सहज म्हणाले, "तो तुझं नाव विचित्रच घेत होता रे. नावापुढे 'टेन' म्हणाला. मला वाटलं वॉर्ड नंबर असेल."

मंडळी, माझ्या हातातला कप तिथेच थांबला. माझा जर्सी नंबर १०. आम्ही दर रविवारी टर्फवर खेळतो, आणि तिथल्या बुकिंगला मी नाव दिलंय ते असंच, नाव आणि पुढे १०. माझं इन्स्टा हँडल तेच. फँटसी लीगमधल्या टीमचं नाव तेच. बारावीपासून जिथे जिथे अकाउंट काढलं तिथे तेच. आणि टर्फच्या फॉर्मवर 'दुसरा नंबर' असा एक रकाना होता, तिथे मी बाबांचा नंबर भरला होता. का? रकाना होता म्हणून.

मी टर्फवर गेलो. काउंटरवरचा मुलगा चांगला आहे, आम्हाला बिब उधार देतो. त्याने लगेच दाखवलं. एक ऑनलाइन शीट. नाव, नंबर, दुसरा नंबर, वेळ, पैसे आले की नाही. मी शेअरिंगचं सेटिंग बघितलं: लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल. ती लिंक तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. रेफ्रीला वेळ बघता यावी, पाणी देणाऱ्याला आकडा कळावा, एवढंच. ती नेमकी कुणाच्या हाती लागली याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण 'टेन' हा शब्द तिकिटावर नव्हता आणि बाबांचा नंबर इन्स्टावर नव्हता. दोन्ही एकत्र फक्त त्या शीटमध्ये होते.

आता इथे जरा तांत्रिक बोलतो, दोन मिनिटं सहन करा. डेटाबेसमध्ये जॉइन नावाची एक क्रिया असते. समजा दोन याद्या आहेत. एका यादीत नाव आणि वडिलांचा नंबर. दुसऱ्या यादीत नाव आणि शनिवारी रात्री कुठे आहे ते. दोन्हीत एक रकाना सारखा असला की याद्या शेजारी शेजारी चिकटतात आणि तिसरी यादी तयार होते: हा माणूस, आत्ता इथे, आणि त्याच्या वडिलांचा नंबर हा. वेगवेगळ्या असताना पहिली यादी म्हणजे टर्फचं बुकिंग आणि दुसरी म्हणजे एका पोराची हौस. चाळीस हजार मागता येतात ते तिसरीवर.

ऍक्सल एकटा असताना मला तिकीट काढावंसं वाटलं नसतं. स्लॅशचेही स्वतःचे अल्बम आहेत, किती जणांनी ऐकलेत? एकत्र आले की रेसकोर्स भरतं. डेटाचीही रीयुनियन होते, आणि तिथे पहिल्या रांगेत कोण उभं राहील हे आपण ठरवत नाही.

चोरांचं सोडा, हीच क्रिया रीतसर धंद्यातही रोज चालते. ऍपवाले सांगतात, तुमचा नंबर आम्ही कुणाला देत नाही, हॅश करून देतो. हॅश म्हणजे नंबर एका गणिती चरकातून काढायचा आणि बाहेर जी अगम्य अक्षरांची ओळ पडते ती पुढे पाठवायची. उलटं फिरवून नंबर काढता येत नाही, हे खरं. पण भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८, ९ ने सुरू होणारे. म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, गेमिंग लॅपटॉपला काही मिनिटांचं काम. सगळ्या ४०० कोटींचे हॅश काढून ठेवायचे आणि जुळवायचे. आणि तेवढंही करायची गरज नसते. एका पद्धतीने एका नंबरचा हॅश दरवेळी सारखाच येतो, मग दोन कंपन्यांच्या याद्या त्या अगम्य ओळीवरच जॉइन होतात. नाव न कळताही तुम्ही तेच हे त्यांना कळतं. म्हणून कॉन्सर्टचं तिकीट काढलं की दुसऱ्याच ऍपवर काळ्या टी-शर्टच्या जाहिराती सुरू होतात. तुम्हाला वाटतं फोन आपलं बोलणं ऐकतोय. बहुतेक वेळा ऐकायची गरजच पडत नाही.

बहुतेक वेळा म्हणालो, कारण फुटबॉलमध्ये ऐकल्याचंही एक प्रकरण आहे. स्पेनच्या ला लीगाचं अधिकृत ऍप. मॅच चालू असताना ते लोकांच्या फोनचा माइक आणि लोकेशन वापरायचं. कशासाठी? फॅन ज्या बारमध्ये बसलाय तिथे मॅच चोरून तर दाखवत नाहीत ना, हे शोधायला. स्कोअर बघायला ऍप घेतलं आणि नकळत लीगचे खबरी झालात! जून २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने अडीच लाख युरोचा दंड लावला. लीगने चूक मान्य केली नाही, माणसांचं बोलणं आम्ही ऐकत नव्हतो, फक्त मॅचच्या आवाजाची खूण जुळवत होतो असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखं आहे. पण माझा माइक आणि तुमची हेरगिरी, हे मला आधी सांगाल की नाही?

दुसरी गोष्ट कार्डिफची. वेल्सच्या या शहरात ३ जून २०१७ ला चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, रियाल माद्रिदने युव्हेंटसला ४-१ हरवलं. त्या वेळी पोलिसांनी गर्दीचे चेहरे ओळखणारे कॅमेरे लावले होते. यंत्र २,४७० वेळा म्हणालं, हा यादीतला माणूस. त्यातले २,२९७ चुकीचे निघाले. शंभरातले त्र्याण्णव. कोडमध्ये मी असा निकाल दिला तर माझी टीम लीड मला जेवायला सोडणार नाही. पुढे २०२० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने, या पोलिसांनी कॅमेरे ज्या पद्धतीने वापरले ती बेकायदा ठरवली. आणि याच स्टेडियमवर ४ जुलै २०२५ ला ओएसिसची रीयुनियन सुरू झाली. गॅलॅगर बंधू २००९ मध्ये पॅरिसला भांडून वेगळे झाले होते. सिटीचे कट्टर फॅन आहेत, तरी गाणी चांगली आहेत, काय करणार.

ओएसिसच्या तिकिटांचा किस्सा मुद्द्याला धरून आहे. आगाऊ विक्रीत नंबर लागावा म्हणून आधी नाव नोंदवायचं, आणि फॉर्ममध्ये प्रश्न, बँडचा पहिला ड्रमर कोण? फॅनला असा प्रश्न विचारला की छाती फुगते, आणि ईमेल कधी दिला ते लक्षातही राहत नाही. एवढं करून रांगेत तासन्‌तास थांबलेल्यांना १५० पौंडांच्या आसपासचं उभ्याचं तिकीट ३५५ ला दिसलं. ब्रिटनच्या नियामकाने चौकशी लावली. जुन्या आठवणींसमोर आपण सगळे भोळे होतो. नवीन ऍप माइक मागतं तेव्हा दहा वेळा विचार करणारे आम्ही, पण 'ते परत येतायत' म्हटलं की सगळ्या रकान्यांत खरं लिहून मोकळे.

तिकिटावर नाव असूच नये, असं माझं म्हणणं नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले आले. त्याची विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बारा वाजता उघडली, तेव्हा बुकमायशोच्या सांगण्यानुसार १ कोटी ३० लाखांवर लोक लॉगिन झाले. मी त्यातला एक, रांगेतला माझा आकडा पनवेलच्या लोकसंख्येपेक्षा मोठा होता. थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखांत. काळाबाजार रोखायचा तर तिकीट माणसाशी बांधावं लागतं. इंग्लंडमध्ये तर फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ पासून गुन्हा आहे. त्यामुळे नाव घ्या. माझा प्रश्न पुढचा आहे. कार्यक्रम संपला, गेट बंद झालं, माणसं घरी गेली, आता ते नाव तुमच्याकडे किती दिवस राहणार?

कायदा आहे का? आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. डिजिटल डेटाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू, म्हणजे मे २०२७. तेव्हा तुम्ही विचारू शकाल की माझं काय काय ठेवलंय, आणि काम संपलं असेल तर पुसा म्हणून सांगू शकाल. सुरक्षेत हलगर्जी केली तर दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला भारी वाटतं. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो. बाबांचे चाळीस हजार गेले असते तर या कायद्यात त्यांना भरपाई देण्याची सोय नाही. मला हे पटत नाही. मॅचमध्ये माझा पाय मोडला आणि रेफ्रीने समोरच्याला रेड कार्ड दिलं, तरी माझं प्लास्टर कुणी करायचं?

मी काय बदललं ते सांगतो, घ्यायचं ते घ्या. ईमेल देताना जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून त्या ठिकाणाचं नाव लिहितो, मेल आपल्यालाच येतो, पण फुटला तर कुठून फुटला ते कळतं. टर्फसाठी दिलेल्या पत्त्यावर आता पर्सनल लोनच्या जाहिराती येतात, बघा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींचा एक आयडी असतो, तो काढून टाकला, अर्धं मिनिट लागतं. जिथे तिथे १० लावणं बंद केलं, आणि हे सगळ्यात अवघड गेलं, कारण बारावीपासूनची ओळख ती. तिकिटाचा फोटो टाकायचाच तर घरी आल्यावर टाकतो, तेसुद्धा मैदानाचा. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० ला फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

टर्फच्या शीटचं मी त्या मुलाला समजावून सांगितलं. त्याने माझ्यासमोर लिंक बंद केली, सॉरीही म्हणाला. पुढच्या रविवारी परत उघडी होती. रेफ्रीला वेळ दिसत नव्हती म्हणे. आता दुसरा नंबर हा रकाना तरी काढलाय, तेवढं पदरात पाडून घेतलं.

आणि घरी आम्ही एक शब्द ठरवलाय. माझ्या नावाने कुणीही पैसे मागितले तर बाबा आधी तो शब्द विचारणार, अगदी माझ्या आवाजात फोन आला तरी. शब्द बाबांनी स्वतः निवडला. आतापर्यंत दोनदा बदलावा लागलाय, कारण पहिला त्यांनी वडाळे तलावावरच्या वॉकिंग ग्रुपला कौतुकाने सांगून टाकला, आणि दुसरा आईने फ्रिजवर लिहून ठेवला.